परीक्षणे आली, तिकिटे मात्र आधीच काढलेली : ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ शुक्रवारी पाहावा की नाही?

गंगापूररोडकर | बुधवार, २३ मार्च २०१६, सकाळी ८.१०

सर्व नाशिककर चित्रपटप्रेमींना नमस्कार. येत्या शुक्रवारी, म्हणजे २५ तारखेला, गुड फ्रायडेची सुटी साधून सिटी सेंटर मॉलमधील सकाळच्या खेळाची नऊ तिकिटे मी गेल्याच आठवड्यात काढून ठेवली आहेत. नऊ जणांत मी, माझे दोन शाळासोबती, माझा पुतण्या आणि त्याचे पाच मित्र. २०१३ साली सुपरमॅनचा ‘मॅन ऑफ स्टील’ आला तेव्हा ही मुले हाफ पँटमध्ये होती. तेव्हापासून ती पुढच्या भागाची वाट पाहत आहेत आणि खरे सांगायचे तर चाळिशी ओलांडलेला मीही पाहतो आहे.

आज पहाटे परीक्षणांवरची बंदी उठली आणि पुतण्याने मला झोपेतून उठवून मोबाइल दाखवला. परीक्षणे गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचा आकडा चाळिशीत होता आणि हे लिहीपर्यंत तो आणखी घसरला आहे. रविवारी न्यूयॉर्कमध्ये प्रीमियर झाला, तेव्हा चाहत्यांनी ट्विटरवर स्तुतीचा वर्षाव केला होता. मग तीन दिवसांत असे काय बिघडले? घरात सध्या सुतकी वातावरण आहे. मुलांपैकी दोघे तिकिटे रद्द करा म्हणतात आणि चौघे समीक्षकांना शिव्या घालत आहेत. जाणकारांनी मत द्यावे. कृपया कथेचा उलगडा करू नये.

त्रिमूर्ती चौक | २३ मार्च, सकाळी ८.५५

दादा, तिकिटे मुळीच रद्द करू नका. हा सगळा प्रकार ठरवून केलेला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मार्व्हल ही महानायकपटांची कंपनी २००९ पासून डिस्नेच्या मालकीची आहे आणि डिस्नेला समीक्षक सांभाळणे परवडते. मार्व्हलच्या चित्रपटात दर पाच मिनिटांनी विनोद असला की तो ‘ताजातवाना’ ठरतो आणि डीसीने, म्हणजे बॅटमॅन-सुपरमॅनच्या कंपनीने, गंभीर काही सांगितले की तो ‘कंटाळवाणा’ ठरतो. ६ मे रोजी मार्व्हलचा ‘सिव्हिल वॉर’ येत आहे. त्यातही दोन नायकच एकमेकांशी भांडणार आहेत. त्याची परीक्षणे कशी येतात ते पाहा आणि मग मला सांगा. मी शुक्रवारी पहिल्या खेळाला जाणार आणि दुसऱ्यांदा शनिवारीही जाणार.

निवृत्त गणितशिक्षक | २३ मार्च, सकाळी १०.२०

चिरंजीव त्रिमूर्ती चौक, तुमचा राग मी समजू शकतो, परंतु ज्या आकड्यावर तुम्ही रागावला आहात तो आकडा म्हणजे काय, हे आधी पाहू या. आपल्याकडे दहावीला पस्तीस गुणांना उत्तीर्ण होत असल्यामुळे तिशीतला कोणताही आकडा पाहिला की आपल्या डोळ्यांसमोर लाल शाई येते. हा आकडा मात्र गुण नव्हे, तर मोजणी आहे. प्रत्येक परीक्षण ‘अनुकूल’ किंवा ‘प्रतिकूल’ अशा दोनच खणांत टाकतात आणि शंभरातली किती परीक्षणे अनुकूल, एवढेच सांगतात. ते प्रमाण साठ किंवा त्याहून अधिक असेल तर लाल टोमॅटो मिळतो, अन्यथा हिरवा शिंतोडा.

आता असे समजा की एका चित्रपटाला दहा समीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी सहा गुण दिले. दहाही मते अनुकूल ठरली, म्हणून आकडा शंभर. दुसऱ्या चित्रपटाला पाच जणांनी पैकीच्या पैकी दिले आणि उरलेल्या पाच जणांनी पाच-पाच. आकडा पन्नास, म्हणजे टोमॅटो सडका, परंतु सरासरी साडेसात. यांतला अधिक चांगला चित्रपट कोणता, हे त्या मोठ्या अक्षरांतल्या आकड्यावरून सांगता येणार नाही. सरासरी त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत दिलेली असते, पण तिकडे कोणी पाहत नाही. मेटाक्रिटिक हे दुसरे संकेतस्थळ सरासरीच काढते, तीही काही समीक्षकांना अधिक भार देऊन, आणि म्हणून तेथील आकडा सहसा इतका टोकाचा नसतो. आज तेथे हा चित्रपट चाळिसाच्या वर आहे. ‘मॅन ऑफ स्टील’ तेथे ५५ वर होता. घसरण आहेच, पण रॉटन टोमॅटोजवर दिसते तेवढी नाही.

तपोवनातला | २३ मार्च, सकाळी ११.०५

गुरुजींच्या विवेचनात एक भर घालतो. रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ २०११ पासून कोणाच्या मालकीचे होते? वॉर्नर ब्रदर्सच्या. अगदी गेल्याच महिन्यात ते फॅनडँगो या तिकीटविक्री कंपनीकडे गेले आणि त्या व्यवहारात वॉर्नरने काही हिस्सा स्वतःकडे राखला आहे. हा चित्रपटही वॉर्नरचाच आहे. म्हणजे ज्या घरातून आपल्या मुलाची बदनामी चालली आहे असे त्रिमूर्ती चौक यांना वाटते, त्या घराच्या सातबाऱ्यावर मुलाच्या बापाचेही नाव आहे.

त्रिमूर्ती चौक | २३ मार्च, सकाळी ११.४०

मालकीची ही माहिती मला नव्हती, हे मान्य करतो. परंतु संकेतस्थळ कोणाचेही असो, परीक्षणे लिहिणारे तेच शे-दोनशे लोक असतात. त्यांना कॉमिक्सचा गंध नसतो. ज्यांनी आयुष्यात कधी बॅटमॅनचा एक अंक उघडला नाही, त्यांनी बॅटमॅनचे मोजमाप करावे हे मला पटत नाही.

मेनरोडची लेक | २३ मार्च, दुपारी १.१५

मिसळ चांगली आहे की नाही हे सांगण्यासाठी मटकी पेरता यावी लागत नाही.

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून लिहिते. जुलै २०१२ मध्ये दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांचा तिसरा बॅटमॅनपट प्रदर्शित होण्याआधी एका अमेरिकी समीक्षकाने त्याच्याविषयी प्रतिकूल लिहिले. त्या माणसाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि अखेर रॉटन टोमॅटोजला त्या चित्रपटाच्या परीक्षणांखालच्या प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. धमक्या देणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही तो चित्रपट पाहिलेला नव्हता, कारण तो लागायचाच होता. आणि पुढे त्याच चित्रपटाला सत्त्याऐंशी टक्के अनुकूल परीक्षणे मिळाली. म्हणजे इतके रान उठवण्याचे कारणही नव्हते. त्रिमूर्ती चौक, तुम्ही धमक्या देणाऱ्यांतले नाही हे मला ठाऊक आहे, पण ‘समीक्षक सांभाळणे’ हा शब्दप्रयोग त्याच रस्त्यावरचा पहिला थांबा आहे.

पडद्यामागचा | २३ मार्च, दुपारी ३.३०

मी या शहरात वीस वर्षे प्रोजेक्टरच्या खोलीत काढली आहेत, आधी रिळांवर आणि नंतर डिजिटलवर. त्यामुळे परीक्षण बुधवारी पहाटेच का आले, याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

समीक्षकांना चित्रपट काही दिवस आधी दाखवतात, पण ठरलेल्या घटकेपूर्वी परीक्षण छापायचे नाही, अशी अट त्यांच्याकडून मान्य करून घेतात. यालाच एम्बार्गो म्हणतात. निर्मात्याला चित्रपटाविषयी खात्री असेल, तर ही मुदत आठवडा-दोन आठवडे आधी संपते, म्हणजे चांगली परीक्षणे फुकटच्या जाहिरातीसारखी फिरत राहतात. मुदत प्रदर्शनाला जेवढी चिकटलेली, तेवढी धाकधूक अधिक, असा आमच्या धंद्यातला ढोबळ अंदाज आहे. तो दर वेळी खरा ठरतोच असे नाही, कारण कथेतले रहस्य फुटू नये म्हणूनही मुदत उशिरा ठेवतात. येथे अमेरिकेतल्या पहिल्या खेळांना जेमतेम दोन दिवस उरले असताना मुदत संपली. रविवारच्या ट्विटरवरील स्तुतीचे म्हणाल, तर प्रीमियरला मुद्दाम बोलावलेले चाहते आणि कामावर आलेला समीक्षक यांच्यात लग्नातले वऱ्हाडी आणि आचारी यांच्यात असतो तेवढा फरक असतो.

पहिल्या तीन दिवसांचे एवढे का, तर पैशाचा ओघ तेव्हाच असतो. आपल्याकडे हिंदी चित्रपटांसाठी २००९ च्या संपानंतर मल्टिप्लेक्स आणि निर्माते यांच्यात जे ठरले, त्यात निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के, असा उतरता वाटा आहे. परदेशी चित्रपटांचे करार वेगळे असतात, पण उतरणीचे तत्त्व तेच. गल्ला पहिल्या रविवारपर्यंत जमला पाहिजे. लोकांनी परीक्षण वाचून ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असे ठरवले, तरी निर्मात्याचे नुकसान होते.

गंगापूररोडकर | २३ मार्च, सायंकाळी ६.००

सर्वांचे आभार. आकडा आता तिशीच्या जवळ आला आहे. गुरुजींचे उदाहरण मी पुतण्याला समजावून सांगितले. त्यावर तो म्हणाला, ‘काका, पण याची सरासरीसुद्धा दहापैकी पाचच आहे.’ यावर मला उत्तर सुचले नाही.

निवृत्त गणितशिक्षक | २३ मार्च, सायंकाळी ६.२५

पुतण्या हुशार आहे. त्याला माझा नमस्कार सांगा.

रद्दीतला खजिना | २३ मार्च, रात्री ९.५०

आकड्यांवर पुरेशी चर्चा झाली. मी आज दिवसभरात वीस-बावीस परीक्षणे आकड्याकडे न पाहता वाचून काढली. त्यांतला सूर समान आहे आणि तो मार्व्हलप्रेमाचा नाही. बहुतेकांनी आरंभाची स्तुती केली आहे. मागच्या चित्रपटातला मेट्रोपोलिसचा, म्हणजे सुपरमॅनच्या शहराचा, विध्वंस येथे जमिनीवरून, धुळीत धावणाऱ्या ब्रूस वेनच्या (मुखवट्याविना बॅटमॅनच्या) डोळ्यांनी दिसतो, ही कल्पना जवळजवळ सर्वांना आवडली आहे. बेन ॲफ्लेक यांच्याविषयी २०१३ मध्ये बॅटमॅन म्हणून त्यांची निवड जाहीर झाली तेव्हा याच चाहत्यांनी आकांडतांडव केले होते, आणि आता समीक्षक त्यांना वाखाणत आहेत. गॅल गॅडो यांची वंडर वूमन सर्वांना हवी तेवढी मिळाली नाही, ही तक्रारही एका अर्थी कौतुकच आहे. तक्रारी आहेत त्या गोंधळलेल्या मांडणीविषयी, खलनायक लेक्स ल्युथरच्या चाळ्यांविषयी आणि शेवटच्या तासातील धुमाकुळाविषयी.

येथे मला कॉमिक्सचा वाचक म्हणून बोलायचे आहे. (माझा सारा संग्रह रद्दीच्या दुकानांतून किलोवर घेतलेला आहे, हे नावावरून लक्षात आलेच असेल.) या चित्रपटाच्या मुळाशी दोन वेगवेगळ्या कथा आहेत. पहिली फ्रँक मिलर यांची १९८६ मधली चार भागांची. तिच्यात पन्नाशी उलटलेला, थकलेला, कडवट बॅटमॅन चिलखत घालून सुपरमॅनसमोर उभा राहतो. ते भांडण रंगते, कारण त्यामागे त्या दोघांची अनेक वर्षांची मैत्री आणि शीतयुद्धाच्या काळातले राजकारण आहे. सुपरमॅन तेथे सरकारचा माणूस झालेला आहे. दुसरी कथा १९९२ च्या अखेरीस आलेली, डूम्सडे नावाच्या राक्षसाची. तिचा शेवट मी सांगत नाही, पण डिसेंबरमधल्या झलकफितीने तो राक्षस दाखवून टाकलाच आहे, आणि त्यावर चाहते तेव्हाही चिडले होते. यांपैकी प्रत्येक कथेला स्वतंत्र चित्रपट लागला असता. येथे दोन्ही एकाच चित्रपटात कोंबल्या आहेत आणि वर डीसीच्या साऱ्या नायकांना एकत्र आणणाऱ्या पुढच्या ‘जस्टिस लीग’ची पेरणीही उरकायची आहे. जे दोन नायक एकमेकांना आजवर कधी भेटलेच नाहीत, त्यांच्या भांडणात मिलरच्या कथेतील वेदना कोठून येणार? समीक्षकांनी कॉमिक्स वाचलेली नसतील, पण त्यांचे बोट नेमके दुखऱ्या जागी पडले आहे. ज्यांनी ती वाचली आहेत, त्यांनी तर हे आधीच ओळखायला हवे होते.

त्रिमूर्ती चौक | २३ मार्च, रात्री १०.३०

तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरीही मी शुक्रवारी जाणारच.

रद्दीतला खजिना | २३ मार्च, रात्री १०.४०

मीही जाणारच आहे हो. न जाण्याचा प्रश्न कोठे आला?

इंदिरानगरची आई | गुरुवार, २४ मार्च, सकाळी ९.३०

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि वर्गातील सर्वजण जाणार म्हणून हट्ट धरून बसला आहे. चित्रपट लहान मुलांसाठी योग्य आहे का? आज धुळवडीला वीरांच्या मिरवणुकीत त्याला नेहमीप्रमाणे कृष्ण करायचे ठरले होते, तर तो बॅटमॅनचा काळा झगा घालूनच टाक घ्यायला उभा राहिला. सासूबाईंनी देवाचा टाक त्याच्या हाती द्यायला साफ नकार दिला. शेवटी मुकुट आणि झगा अशी तडजोड झाली आणि स्वारी रामकुंडावर जाऊन नाचून आली.

पडद्यामागचा | २४ मार्च, सकाळी १०.१०

ताई, अमेरिकेत याला तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र आहे. लांबी १५१ मिनिटे आहे, वर मध्यंतर. परीक्षणांत ‘अंधारी’ आणि ‘उदास’ हे शब्द वारंवार आले आहेत. मोठे कोणीतरी आधी पाहून यावे, असे मी सुचवेन.

गंगापूररोडकर | शुक्रवार, २५ मार्च, दुपारी ३.००

नऊच्या नऊ जण जाऊन आलो. येथून पुढे कथेचा उलगडा होईल, ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी थांबावे.

पहिली पंधरा मिनिटे मी श्वास रोखून पाहिली. पुढचा तास मात्र एका दृश्यातून दुसऱ्यात का गेलो, हे मला समजेना. आफ्रिकेतल्या वाळवंटात काय झाले, त्याचा दोष सुपरमॅनवर कसा आला, बॅटमॅनला स्वप्न पडले की भविष्य दिसले, हे विचारायला मी पुतण्याकडे वळलो तर तोही माझ्याकडेच पाहत होता. गोदामातली बॅटमॅनची मारामारी अप्रतिम आहे. वंडर वूमन अवतरते, तेव्हा मागे वाजणाऱ्या त्या चेलोच्या सुरावटीला साऱ्या थिएटरने शिट्ट्या मारल्या. आणि दोघांच्या आयांचे नाव मार्था आहे, हे समजताच भाला खाली पडतो तेथे आमच्या मागच्या रांगेतला एक गृहस्थ मोठ्याने म्हणाला, ‘माझ्या आणि माझ्या साडूच्या सासूचे नाव तर एकच आहे, तरी आमचे पटत नाही.’ त्यानंतर ते दृश्य गंभीरपणे घेणे कोणालाच जमले नाही.

आणखी एक तक्रार. मूळ चित्रपटात मध्यंतर नसते, ते आपल्याकडे घालतात. आमच्या खेळाला ते अशा ठिकाणी घातले की पात्राने वाक्य सुरू केले आणि दिवे लागले. ते वाक्य पूर्ण काय होते, ते अजून कळलेले नाही.

पडद्यामागचा | २५ मार्च, दुपारी ४.१५

याबद्दल मी साऱ्या व्यवसायबंधूंच्या वतीने क्षमा मागतो. पूर्वी रीळ संपले की मध्यंतर व्हायचे. आता यंत्रात वेळ भरून ठेवतात, आणि ती भरणाऱ्याने चित्रपट पाहिलेला असेलच असे नाही.

त्रिमूर्ती चौक | २५ मार्च, रात्री ११.५०

मी सकाळी पाहिला आणि आता रात्री लिहितो आहे, कारण दिवसभर काय लिहावे हे ठरत नव्हते. मला चित्रपट आवडला. जेवढा आवडायला हवा होता तेवढा आवडला का, या प्रश्नाचे उत्तर आज मागू नका. बॅटमॅन सर्रास माणसे मारतो, हे मला खटकले, आणि ही तक्रार एका समीक्षकाने लिहिली होती तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोललो होतो. ॲफ्लेक यांच्या मुलाखतीची ती फीत आता सगळीकडे फिरते आहे. परीक्षणांविषयी विचारल्यावर शेजारी सुपरमॅन झालेले हेन्री कॅव्हिल उत्तर देत आहेत आणि ॲफ्लेक नुसते शून्यात पाहत बसले आहेत. सकाळी खेळ संपल्यावर आमच्या रांगेतही तसाच एक चेहरा होता. तो माझा होता.

जुने नाशिक | शनिवार, २६ मार्च, सकाळी ११.००

चर्चा वाचून करमणूक झाली आणि थोडे नवलही वाटले. आकाशातून उडणारा, शत्रूची नगरी पेटवणारा नायक पडद्यावर आणण्याचे काम आपल्याच गावाने शंभर वर्षांपूर्वी केलेले आहे. दादासाहेब फाळके १९१३ मध्ये आपली कंपनी मुंबईहून नाशिकला घेऊन आले आणि येथूनच त्यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ दिला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. लोकांनी त्या चित्रपटाला गर्दी केली ती मारुती उडताना दिसतो म्हणून. एकच माणूस राम आणि सीता असल्याची तक्रार घेऊन कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचे माझ्या वाचनात नाही. भव्य दृश्यासाठी जाणारा प्रेक्षक पुष्कळ काही चालवून घेतो, असे मला वाटते. येथे तो चालवून घेईनासा झाला असेल, तर खोट समीक्षकांत शोधू नये.

मेनरोडची लेक | २६ मार्च, दुपारी १२.२०

जुने नाशिक यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. मारुती लंकेत का गेला, हे प्रत्येक प्रेक्षकाला घरून येतानाच माहीत होते. कथा आजीने आधीच सांगितलेली होती, फाळक्यांना ती फक्त दाखवायची होती. येथे दिग्दर्शक झॅक स्नायडर यांनीही तसेच गृहीत धरले आहे की कथा आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकी कॉमिक्सवाचकाला ती ठाऊक असेलही. त्या मधल्या स्वप्नदृश्यात अचानक अवतरणारा धावपटू कोण, हे मला माझ्या भावाने बाहेर आल्यावर सांगितले. ज्याला आजीने ही गोष्ट सांगितलेली नाही त्याच्यासाठी परीक्षणे लिहिलेली असतात, आणि म्हणून ती प्रतिकूल आली. मी वंडर वूमनसाठी गेले आणि तृप्त होऊन आले. तिचा स्वतंत्र चित्रपट पुढच्या वर्षी येणार आहे, तेव्हा मात्र परीक्षणांची वाट न पाहता मी तिकीट काढणार आहे.

त्रिमूर्ती चौक | मंगळवार, २९ मार्च, सकाळी ९.००

कालच्या रंगपंचमीचा रंग अजून कानांतून निघालेला नाही, पण आकडे आले आहेत म्हणून लिहितो. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत १६ कोटी ६० लाख डॉलर. मार्च महिन्यात आजवर एवढा आरंभ कोणत्याही चित्रपटाला मिळालेला नाही. जगभरात ४२ कोटी डॉलरांच्या वर. समीक्षकांचे कोण ऐकतो, याचे उत्तर प्रेक्षकांनीच दिले आहे.

पडद्यामागचा | २९ मार्च, सकाळी ९.४५

अभिनंदन. तरी एक आठवडा थांबा. पहिल्या तीन दिवसांची तिकिटे परीक्षण येण्याच्या आधीच विकली गेलेली असतात, जशी धागाकर्त्यांची नऊ गेली होती. त्या दिवसांत आपण चित्रपटाच्या जाहिरातीचे यश मोजत असतो. चित्रपटाचे यश दुसऱ्या शुक्रवारी कळते. शिवाय अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची संस्था पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी भरून घेते. पैसे खर्चून आलेले चाहते सहसा उदार असतात आणि ‘मॅन ऑफ स्टील’ला त्यांनी ए वजा दिला होता. या वेळी बी मिळाला आहे. महानायकांच्या चित्रपटासाठी बी म्हणजे घरच्यांनीच ‘बरा आहे’ म्हणण्यासारखे आहे.

पडद्यामागचा | मंगळवार, ५ एप्रिल, सकाळी १०.००

दुसऱ्या आठवड्याअखेरचा अमेरिकेतील गल्ला ५ कोटी १० लाखांच्या आसपास आला आहे. घसरण ६९ टक्के. मला याचा आनंद झालेला नाही, हे स्पष्ट करतो. आमचे पोट भरलेल्या खुर्च्यांवर चालते.

त्रिमूर्ती चौक | ५ एप्रिल, रात्री ८.१५

वाचले. मी तिसऱ्यांदा पाहणार होतो, पण गेलो नाही. त्या ६९ टक्क्यांत एक मीही धरावा.

सध्या सॅन होजे | रविवार, ३ जुलै २०१६, सकाळी ७.३०

जुना धागा वर काढत आहे, क्षमस्व. मूळचा मी नाशिकरोडचा. येथे गेल्या मंगळवारी या चित्रपटाची विस्तारित आवृत्ती घरबसल्या पाहण्यासाठी उपलब्ध झाली आणि काल रात्री ती पाहिली. लांबी तीन तासांची आहे, म्हणजे थिएटरमध्ये दाखवलेल्या प्रतीपेक्षा अर्धा तास अधिक.

धागाकर्त्यांनी २५ मार्चला विचारलेल्या प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे त्या अर्ध्या तासात आहेत. वाळवंटातील हत्यांचा आळ सुपरमॅनवर यावा म्हणून प्रेते जाळली जातात आणि साक्षीदार बाईला पढवले जाते. क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, पत्रकार म्हणून बॅटमॅनच्या गॉथम शहरात जाऊन बॅटमॅनच्या बळींची चौकशी करतो, त्यामुळे त्याचा राग अचानक आलेला वाटत नाही. त्याची पत्रकार प्रेयसी लोइस लेन हिचा तपासही शेवटास जातो. मार्था तशीच आहे, लेक्स तसाच आहे आणि राक्षसही तेवढाच कुरूप आहे. पण पहिला दीड तास आता चित्रपटासारखा वाटतो. त्रिमूर्ती चौक यांना सांगावेसे वाटते की समीक्षकांनी जे लिहिले ते त्यांना दाखवलेल्या प्रतीविषयी खरे होते, आणि तुम्हाला त्या प्रतीमागे एक बरा चित्रपट दडलेला दिसत होता, तेही खोटे नव्हते. मधला अर्धा तास ज्यांनी कापला त्यांच्यापर्यंत तुम्हा दोघांपैकी कोणाचाच राग पोहोचला नाही.

त्रिमूर्ती चौक | ३ जुलै, सकाळी ९.०५

हा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. १९ तारखेला त्याची डिस्क तेथे बाजारात येणार आहे असे वाचले होते. आपण इकडे कधी येणार आहात?

सध्या सॅन होजे | ३ जुलै, सकाळी ९.२०

गणपतीत. घेऊन येतो.

गंगापूररोडकर | ३ जुलै, सकाळी १०.००

मग माझ्या घरी या सर्वजण. पडदा आणि प्रोजेक्टर पुतण्या जमवतो आहे, आणि गुरुजी, आपणही यावे. तीन तासांचा खेळ आहे, तेव्हा मध्ये चहा होईलच.

निवृत्त गणितशिक्षक | ३ जुलै, सकाळी १०.३५

येईन. मध्यंतर कोठे घ्यायचे, ते मात्र पडद्यामागचे साहेब चित्रपट आधी पाहून ठरवतील, ही माझी अट आहे.